भगवानराव फुकटच्या धावेला जातात

चिखलीच्या गुलाम रसूल पिंजाऱ्याला फुकट काही देऊन दाखवा. साधा चहा पाजून दाखवा. तो आधी कपाकडे बघेल, मग तुमच्याकडे, मग रस्त्यावर तुमची जीप उभी आहे का ते बघेल आणि विचारेल, "काऊन बाप्पा? काय काम काढलं?" काही काम नाही, सहज, असं म्हणालात की संपलंच. सहज म्हणून या जगात काही होतं यावरून त्याचा विश्वास कधीच उडाला होता. नव्या वर्षाचं कॅलेंडरसुद्धा तो विकत आणायचा. फुकटच्या कॅलेंडरावर कुणाच्या तरी दुकानाचं नाव असतं, आणि दुसऱ्याची जाहिरात आपल्या भिंतीवर बारा महिने काऊन पोसायची, हा त्याचा सवाल. सवाल बिनतोड होता. फक्त घरच्यांना तो दर जानेवारीत ऐकावा लागायचा, एवढीच त्यातली खोट.

आणि नेमकी अशा माणसाची बायको दर इतवारी फुकटच्या धावेला जाऊ लागली.

झालं असं, की सुलभाताई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका जुनी रजई पिंजून घ्यायला दुकानात आल्या. रसूलची बायको अमीना आतल्या बाजूला एका गादीला टाके घालत बसली होती. पाहुणीला पाणी द्यावं म्हणून ती उठली आणि उठताना तिला धाप लागली. तळपायाला मुंग्या आल्या, भिंत धरून ती तशीच उभी राहिली. तिला साखरेचा आजार होता. डॉक्टर दर खेपेला "चालत जा" म्हणायचे, ती दर खेपेला "हाव" म्हणायची आणि घरी येऊन पुन्हा शिवायला बसायची. सुलभाताईंनी सगळी विचारपूस केली आणि म्हणाल्या, "अमीनाबी, गावाबाहेर तलावाजवळ फॉरेस्टची बाग आहे ना, तिथं दर रविवारी सकाळी आम्ही जमतो. ज्याला पळायचं तो पळतो, ज्याला चालायचं तो चालतो. तुम्हीही या."

"पैशे?" पिंजायच्या मशीनमागून रसूलनं विचारलं.

"काही नाही. मोफत आहे, सगळ्यांना."

रसूलनं मशीन बंद केलं. या बाईनं रजईच्या मजुरीत घासाघीस केली नव्हती, हे त्यानं मघाशीच मनात टिपून ठेवलं होतं. आता दुसरी गोष्ट मिळाली. कुठंतरी पाणी मुरत होतं.

अमीना गेली. पहिल्या इतवारी ती घामाघूम होऊन परतली, दुसऱ्या इतवारी हसत परतली, आणि पुढं पुढं तर शनिवारी रात्रीच चपला दाराशी मांडून ठेवू लागली. घरात अर्धी उर्दू नि अर्धी वऱ्हाडी चालायची. झडती मात्र रसूल नेहमी वऱ्हाडीत घ्यायचा.

"पयला आला त्याले काय देतात?"

"काई नाई. टाळ्या वाजवतात."

"चहा?"

"ज्यानं त्यानं आपापलं पानी आनायचं."

"भाषन गिषन?"

"नाई व माय."

"मंग त्या बाईले काय भेटते?"

"मले काय मालूम? बरं वाटत असन."

"बरं वाटते म्हनून कोनी इतवारची झोप मोडत नाई, अमीना." रसूल बोट नाचवून म्हणाला. "आयजीच्या जिवावर बायजी उदार असते. यातली आयजी कोन हाय ते पाह्य तू."

मग त्यानं स्वतःच आयजी शोधायला सुरुवात केली. आधी त्याला प्लॉटवाल्यांचा संशय आला: बागेजवळची शेतं विकायला काढायची, त्याआधी लोकांना तिथल्या हवेची चटक लावायची. मग इलेक्शनचा. मग साखरेवर रामबाण पावडर विकणाऱ्यांचा. हे लोक आधी आजारी माणसं एका ठिकाणी गोळा करतात आणि मग डबे काढतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. बायकोची धाप कमी झाली होती, रात्री ती पाय न चोळता झोपत होती, दवाखान्यातला आकडाही जरा खाली आला होता. हे सगळं त्याला दिसत होतं. पण गुण येतो म्हणूनच तर गिऱ्हाईक फसतं, असं म्हणून तो जास्तच घाबरायचा.

आता हा माणूस आईच्या पोटातून असा आला होता का? मुळीच नाही. एके काळी हाक मारणाऱ्या कुणाच्याही घरी जेवायला बसेल, असा तो मोकळा गडी होता. त्याला असं केलं ते एका फेट्यानं.

बीटी कपाशी नवी नवी आली होती त्या वर्षांतली गोष्ट. मृग जवळ आला की गावोगाव कंपन्यांच्या जीपा फिरायच्या. भोंगा लावायचा, टोप्या वाटायच्या, जेवण घालायचं, बियाण्याची पिशवी नाचवायची. गाव जेवायचं आणि जेवलेल्या ताटाला जागून तीच पिशवी घ्यायचं. अशाच एका कंपनीनं उंद्रीला मोठा मेळावा घेतला. स्टेजवर बसायला गाद्या, लोड, तक्के हवे होते. ते रसूलकडून भाड्यानं नेले. रसूल स्वतः टेम्पोतून गेला आणि त्यानं सगळी बैठक मांडून दिली. एका लोडात आतल्या कापसाची गाठ झाली होती. ती बसावी म्हणून तो लोडाला पाठ लावून गादीवर जरा रेलला.

आपल्याकडे गादीवर लोडाला टेकून बसलेला माणूस म्हणजे मोठा माणूस, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शहरातून आलेल्या फोटोवाल्यालाही कळत होतं. प्रगतिशील शेतकऱ्यांना फेटे बांधायचं चाललं होतं, त्यातला एक गुलाबी फेटा त्यांनी रसूलच्या डोक्याला बांधला. बोंडांनी लदलेली एक फांदी हातात दिली. रसूलनं सवयीनं एका फुटलेल्या बोंडातला कापूस ओढला आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्याचा धागा ताणून पाहिला. धागा चांगला होता. त्याला हसू आलं. तेवढ्यात फोटो निघाला.

पेरणीच्या तोंडावर तो फोटो एसटी स्टँडवर लागला, किराण्याच्या दुकानांत लागला, ग्रामपंचायतींच्या भिंतींवर लागला. चेहरा गुलाम रसूल पिंजाऱ्याचा, आणि खाली ठळक अक्षरांत नाव: 'भगवानराव, प्रगतिशील शेतकरी'. सारी चिखली पोट धरून हसली. ज्याच्या नावावर कुंडीएवढी जमीन नाही त्याला लोक रस्त्यात थांबवून विचारू लागले, "काय भगवानराव, पेरनी आटपली का?" रसूलही हसायचा. खोटं कशाला बोला, पहिले काही दिवस त्याला गुदगुल्याच झाल्या. अमीनाला बुरखा घालायला लावून तो तिला स्टँडवर घेऊन गेला होता, पोस्टर दाखवायला.

उंद्रीचा कचरू मात्र हसला नाही. कचरू हा रसूलचा जुना दोस्त. बाकी वावरात तो काहीही पेरो, एक पट्टा गावरान कपाशीचा रसूलसाठी राखून ठेवायचा. गावरान कापूस आखूड धाग्याचा, बाजारात त्याला कुणी विचारत नाही. पण रजईत भरला तर वर्षानुवर्षं दबत नाही. दिवाळीनंतर कचरूची बैलगाडी दुकानापुढं सुटायची, माल उतरायचा, आणि अमीनाच्या हातचं जेवल्याशिवाय बैल जुंपले जायचे नाहीत. पोळ्याला रसूल उंद्रीला जायचा, ईदला कचरू चिखलीला यायचा. तर या कचरूनं ते पोस्टर पाहिलं आणि आपल्या मनाशी हिशेब केला: नाव कंपनीनं खोटं टाकलं असेल, कंपन्या टाकतातच, पण बोटं तर रसूलची आहेत. त्यानं सगळ्या वावरात तेच बियाणं टोबलं. गावरानचा पट्टासुद्धा मोडला.

कपाशी पुरुषभर उंच झाली. वरून पाहणाऱ्याला वाटावं, सोनं पिकलं. बोंडं फोडली तर आत अळी. आजूबाजूच्या गावांतही तेच झालं. कंपनीची पाटी उतरली, जीप पुन्हा कुणाला दिसली नाही.

दिवाळीनंतर कचरू आला तो बैलगाडीशिवाय. भिंतीवरून सोडवून आणलेलं पोस्टर त्यानं गादीवर टाकलं आणि उभ्यानंच विचारलं, "किती घेतले बे?"

रसूलनं छदाम घेतला नव्हता. पण इतक्या वर्षांच्या दोस्तानं हा सवाल करावा, याच्या मिरच्या त्याला अशा झोंबल्या की खरं उत्तर घशातच राहिलं. "तुले काय करायचं?" एवढंच तो बोलला. कचरू गेला. दोन वर्षांनी त्यानं लेकीचं लग्न केलं आणि रुखवतातली गादी मेहकरहून आणली. ही बातमी रसूलला एका गिऱ्हाइकानं सांगितली. त्या दिवशी तो जेवला नाही.

तेव्हापासून हा माणूस असा. फुकटचं घ्यायचं नाही आणि फोटो काढून द्यायचा नाही. आधार कार्डाच्या वेळी त्यानं तिथल्या पोराला विचारलं होतं, "हा फोटो अजून कुठी कुठी लावसान?"

म्हणूनच एका शनिवारी अमीना दातांनी दोरा तोडता तोडता म्हणाली, "सुलभाताई म्हनत होत्या, माया एक फोटो काढून दवाखान्याच्या भिंतीवर लावू. म्हंजे बाकीच्या बाया बी येतीन," तेव्हा रसूलच्या हातातली कात्री खाली पडली.

"बंद!" तो ओरडला. "उद्यापासून बंद! सांगतलं नव्हतं म्या? आता निघाला न डबा बाहेर? तुया चेहऱ्यावर काय इकनार हायत ते?"

"तुमी एकडाव येऊन पाहा," अमीना शांतपणे म्हणाली. "काई डाव सापडला तं माही धाव बंद. नाई सापडला तं तुमी बंद."

"मी बंद म्हंजे?"

"तुमचं तोंड बंद."

सौदा ठरला. आपल्या बायकोचा चेहरा कुणाच्या तरी भिंतीवर जायच्या आत चोर पकडायचा, हे एकच रसूलच्या डोक्यात होतं. तो रात्रभर कूस बदलत राहिला.

इतवारी त्यानं अमीनाला पुढं पाठवलं आणि आपण मागच्या ऑटोनं गेला. सुलभाताईंनी ओळखू नये म्हणून नाकापर्यंत मफलर गुंडाळला. थंडी होती, त्यामुळे तेवढं खपून गेलं. तलावावर धुकं होतं. बागेच्या फाटकाशी कडुलिंबाखाली माणसं हातपाय झटकत उभी होती: पोलीस भरतीची तयारी करणारी दोन-तीन पोरं, बँकेतला एक कारकून, साडीवर बूट घातलेल्या बाया. रसूलनं आधी फलक शोधला. फलक नव्हता. डब्यांची गाडी शोधली. तीही नव्हती. चहाची किटली नव्हती, भोंगा नव्हता. आता मात्र त्याचा संशय पक्का झाला. साधे चोर काहीतरी मांडून बसतात. काहीच न मांडणारा चोर मोठा.

निवेदिता नावाची एक कॉलेजातली मुलगी नव्या माणसांची नावं विचारत होती. ती अचानक पुढं आली. "काका, पहिल्यांदाच आलात ना? नाव काय?"

खरं नाव द्यायचा प्रश्नच नव्हता. खोटं सुचायला वेळ नव्हता. जे एक खोटं नाव आयुष्यात त्याला चिकटलं होतं तेच तोंडातून निघालं.

"भगवानराव."

मुलीनं गोड हसून लिहून घेतलं. तेवढ्यात सुलभाताई एका दगडावर चढल्या. "नव्यांसाठी सांगते. तलावाला वळसा घालून सागातून परत इथंच यायचं. घाई कुणालाच नाही. नारिंगी जाकीट घातलेला आपला एक माणूस सगळ्यांच्या मागं असतो. तो कुणाच्याही पुढं जात नाही. शेवटी येणं हे त्याचंच काम, त्यामुळं इथं दुसरं कुणी शेवटचं येत नाही."

रसूलचे कान टवकारले. मुद्दाम मागं राहणारा माणूस! असा मुद्दाम हरणारा माणूस त्यानं फक्त लिलावात पाहिला होता, आणि तो दर वेळी मालकाचाच निघायचा. बरं, मागं कोण राहणार? आजारी बाया. म्हणजे त्याची अमीना. पळणाऱ्या पोरांना कोण पावडर विकतो? गिऱ्हाईक तर मागंच होतं. त्याला आता सगळा बनाव उलगडला आणि आपल्या अकलेचं त्याला कौतुकही वाटलं.

सगळे निघाले तसा तो कडुलिंबाच्या खोडाआड झाला. पोरं वाऱ्यासारखी गेली, कारकून गेला, बाया बोलत बोलत गेल्या. सगळ्यांत शेवटी हळूहळू अमीना, आणि तिच्या मागं चार हातांवर तो. नारिंगी जाकीट, कानाला बांधलेला दुपट्टा, आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवी! रसूल झाडाझाडाआडून मागं निघाला. सागाची वाळकी पानं पायाखाली अशी वाजत होती की चोरपावलांचं नुसतं नाव होतं. तलावाच्या पाळीवर त्याला दिसलं, की अमीना त्या माणसाशी बोलते आहे. नुसती बोलत नाही, हसते आहे. घरी ती एवढी कधी हसली होती ते आठवायला लागून त्याला ठेच लागली.

सागाच्या वळणावर अमीना थांबली. तिनं कपाळाला हात लावला. माणसानं पिशवीत हात घातला, काहीतरी काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिनं ते तोंडात टाकलं.

"ए!" रसूल झाडाआडून सुटलाच. मफलर गळून पडला. "ए! काय चारून राह्यला बे तिले? दाखव! दाखव तुही पिशवी!"

माणूस वळला. दुपट्टा कानावरून सरकला. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पुढचा एक दात नव्हता, गाल आत गेले होते. पण डोळे तेच होते.

"गूळ," कचरू म्हणाला.

त्यानं मूठ उघडली. तळहातावर गुळाचे दोन खडे होते. "मांगच्या महिन्यात चालता चालता भाबीची साखर उतरली, घेरी आली. तवापासून ठेवतो संगं."

पावडर विकणाऱ्या माणसाला सुनवायची म्हणून रसूलनं रात्रभर घोटलेली सगळी वाक्यं त्याच्या तोंडाशी आली होती. त्यातलं एकही इथं चालणार नव्हतं. कचरूच्या पायात फॉरेस्टवाल्यांचे जुने बूट होते. पुढं कपाशीवर गुलाबी अळी आली त्या साली त्याचं उरलंसुरलं पीकही गेलं, वावर ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं आणि तो कुठंतरी रोपवाटिकेत रोजानं लागला, हे रसूलच्या कानावर आलं होतं. ते 'कुठंतरी' म्हणजे इथं, हे त्याला आत्ता कळत होतं.

"चाल पुढं," कचरू म्हणाला.

"काऊन?"

"माया मांगं कोनी राह्यलं नाई पायजे. इथचा नियम हाय."

रसूल पुढं झाला. अमीना एका बाजूला, तो एका बाजूला, आणि मागं कचरू. बुटांचा आवाज येत होता. रसूलची मान आखडली होती. वळून पाहायची हिंमत होत नव्हती आणि न पाहता चालवत नव्हतं. अमीनानं वाटेतल्या पळसाकडं असं निरखून पाहायला सुरुवात केली, जणू जन्मात पळस पाहिला नव्हता.

मागून आवाज आला. "घेतले होते का बे?"

तोच सवाल. पण या वेळी त्यात 'किती' नव्हतं.

"नाई," रसूल म्हणाला. पुढचं बोलायला त्याला थोडं चालावं लागलं. "फेटा बांधला त्यायनं. जिंदगीत मले कोनी फेटा बांधला नव्हता, कचरू. लगनात लोकायच्या डोक्याले बांधतात, अन् मी खाली सतरंज्या झटकतो. मले लय बरं वाटलं. म्हनून बसलो तसाच. बस, एवढंच."

"बस?"

"जेवलो बी. वांग्याची भाजी होती."

मागं बूट वाजत राहिले. मग कचरू म्हणाला, "तवाच सांगाचं ना बे हे."

"तू इचारलं कुठी? तू तं सीधा माया भाव केला."

"केला." कचरूचा आवाज बसला. "पन रसूल्या, म्या ते बियानं कंपनीच्या नावावर नाई पेरलं. त्या भगवानरावाच्या नावावर बी नाई पेरलं. तुया बोटायवर पेरलं. म्हनलं, सारी दुनिया खोटी बोलन, याचे बोटं नाई बोलनार."

रसूल थांबला. तो थांबला म्हणून कचरूला थांबावंच लागलं. पुढं जायची त्याला मुभा नव्हती. अमीना मात्र थांबली नाही. "या तुमी मांगून," असं म्हणून ती आपली चालत सुटली, आणि एरवी धापा टाकणारी ही बाई त्या वेळी चांगली झपझप गेली. रसूल तलावाकडं तोंड करून उभा राहिला. त्याला रडू येत होतं, आणि या वयात, पाणकोंबड्यांसमोर आणि कचरूसमोर, ते त्याला नको होतं.

"बोटं खोटे नाई बोलले," शेवटी तो म्हणाला. "अल्लाकसम, धागा चांगला होता. ती फांदी कुठची तोडून आनली होती ते कोन जाने. म्या कापूस पाह्यला. माया फोटो काऊन काढून राह्यले, ते नाई पाह्यलं."

कचरूनं गुळाचा एक खडा आपल्या तोंडात टाकला आणि दुसरा रसूलपुढं धरला. रसूलनं तो घेतला. कुणी दिला, काऊन दिला, बदल्यात काय मागेल, हे विचारायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

दोघं फाटकाशी पोचले तेव्हा सगळे वाट पाहत होते. नेहमीप्रमाणे टाळ्या वाजल्या. सुलभाताईंनी चिठ्ठी हातात घेऊन पुकारलं, "आणि आज पहिल्यांदाच आपल्यात आलेले भगवानराव! कुठं आहेत भगवानराव?"

कचरू आधी खोकला. मग त्याच्या खांद्याला झटका बसला, आणि मग तो असा हसू लागला की नारिंगी जाकीट गदगदा हलायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याला गुडघ्यांवर हात टेकावे लागले. "हे काय," तो रसूलकडं बोट करून कसाबसा म्हणाला, "हे काय भगवानराव! परगतिशील!"

"चाचा, तुम्ही?" सुलभाताई चकित झाल्या.

रसूल निवेदिताकडं गेला. "बेटा, ते नाव खोड. गुलाम रसूल लिव. चेहरा माया अन् नाव दुसऱ्याचं, हे एकडाव झालं तेवढं लय झालं." मग आपण इथं कशासाठी आलो होतो ते त्याला एकदम आठवलं आणि तो सुलभाताईंकडं वळला. "अन् म्याडम, एक सांगून ठेवतो. हिचा फोटो दवाखान्यात लावायचा नाई."

"कसला फोटो?" सुलभाताईंनी विचारलं.

रसूलनं अमीनाकडं पाहिलं. अमीना ऑटो पाहायला रस्त्यावर गेली होती.

निघताना कचरू फाटकापर्यंत आला. जाकिटाची बटणं काढता काढता, दुसरीकडंच पाहत म्हणाला, "पोरीची गादी दबली बे. मेहकरवाल्यानं आत काय भरलं काय मालूम."

"आन," रसूल म्हणाला.

ऑटोत रसूल नि अमीना शेजारी बसले. दोन्ही बाजूंनी सोयाबीन काढून मोकळी झालेली वावरं मागं पळत होती. कपाशी क्वचित कुठं दिसत होती.

"त्या बाईले फोटोचं काईच मालूम नाई," रसूल म्हणाला.

"नाईच मालूम."

"अन् कचरू?"

"माया मांगं कोन चालते ते मले नसन का मालूम? पयल्या इतवारापासून तोच असते. पयले काई बोले नाई. मंग एक दिवस इचारलं त्यानं, रसूल्याचे गुडघे कसे हायत म्हने."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं आले असते का तुमी? तुमाले कोनी बलावलं तं तुमी येत नाई. तुमाले चोर दाखवा लागते."

रसूलनं हे उलटंपालटं करून पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जुना तोरा आला.

"म्हंजे डाव होता!"

"होता ना."

"म्या म्हनलं होतं का नाई तुले, डाव हाय म्हनून?"

"हाव. तुमी म्हनलं होतं." अमीनानं ओढणी सारखी केली. "मंग आता? डाव सापडला तं माही धाव बंद, असं ठरलं होतं."

रसूल बाहेर पाहत राहिला. त्याच्या तोंडात अजून गुळाची चव होती.

"त्याच्या मांगं कोनी राहू नाई म्हनते तो," शेवटी तो म्हणाला. "मंग त्याच्या पुढं तं कोनी पायजे ना."